‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ
(संस्थेच्या वार्षिक महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कर्करोगाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय रोगाचा असला तरी मला आज बोलायचे आहे ते वाचण्याविषयी. आपल्या मुली शिकल्या, इंग्रजी वाचू लागल्या. घरी अम्मीचा किंवा खालाचा दवाखान्यातील कागद आला, की तो वाचून दाखविण्याचे काम आता त्यांच्याकडे येते. त्या कागदावरचा एकच शब्द नीट समजला नाही तर केवढा अनर्थ होऊ शकतो, हे सांगण्यासाठी मी आज उभी आहे. तो शब्द म्हणजे ‘नॉर्मल’.

स्तनाची मॅमोग्राफी केली आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की या चित्रात कर्करोग दिसला नाही. तो तेथे नाहीच, अशी हमी तो कागद देत नाही. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात दरवर्षी अनेक स्त्रिया सापडतात. ते अंतर कमी कसे करता येईल, यावर अलीकडच्या वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे. त्याची माहिती सोप्या भाषेत देण्याचा माझा प्रयत्न आहे.

रोगाचे स्वरूप किती मोठे आहे ते आधी पाहू. २०२२ साली जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू, असा हिशेब आहे. म्हणजे आपल्याकडे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू पडतो. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. याचे एक मोठे कारण असे, की आपल्याकडे रोग उशिरा कळतो.

पहिली चाळण

धान्य निवडताना आपण प्रथम चाळण वापरतो. चाळणीने सगळे खडे निघतात असे नाही. बारीक खडा खाली धान्यात जातोच. म्हणून चाळल्यावरही सुपात घेऊन पुन्हा नजर फिरवावी लागते. वरवर निरोगी दिसणाऱ्या अनेक स्त्रियांची सरसकट तपासणी करून त्यांतून संशयित वेगळ्या काढणे, ही वैद्यकातील चाळणच होय. मॅमोग्राफी ही अशी पहिली चाळण आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधून काढले. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे अभ्यासली आणि कर्करोगाच्या खुणा चित्रात उमटतात हे दाखविले. पुढे अमेरिकेत ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनी १९६० च्या सुमारास ही पद्धत नीट बसविली. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे फिलिप स्ट्रॅक्स, सॅम शपायरो आणि त्यांचे सहकारी यांनी ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार स्त्रियांवर एक मोठा प्रयोग सुरू केला. स्ट्रॅक्स यांची पत्नी याच रोगाने तरुण वयात गेली होती. अर्ध्या स्त्रियांना दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी यांसाठी बोलाविले, अर्ध्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. पहिल्या दहा वर्षांत तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. मॅमोग्राफीने प्राण वाचतात, या विचाराला खरा आधार मिळाला तो येथून. तेव्हा माझे पुढचे बोलणे ऐकून कोणी मॅमोग्राफी निरुपयोगी आहे असा समज करून घेऊ नये. चाळणीतून काही खडे निसटतात म्हणून कोणी चाळण फेकून देत नाही.

पांढऱ्यावर पांढरे

आता ही चाळण चुकते कोठे ते पाहू. स्तन हा मुख्यतः दोन प्रकारच्या ऊतींचा बनलेला असतो. एक चरबी, आणि दुसरी दुधाच्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू. क्ष-किरण चित्रात चरबी काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठदेखील पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर काळ्या पाटीवर खडूचा ठिपका दिसावा तशी गाठ दिसते. परंतु ग्रंथी आणि तंतू जास्त असले तर कापसाच्या ढिगात कापसाचीच गोळी शोधण्यासारखे होते. अशा स्तनाला डॉक्टर ‘दाट’ स्तन म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. दाटपणा हाताला कळत नाही, आकारावरून कळत नाही. तो चित्रातच कळतो. तो आजार नव्हे. तरुण वयात स्तन बहुधा दाट असतात आणि वय वाढेल तसा दाटपणा साधारणतः उतरत जातो. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या करतात आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे देतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. डी म्हणजे अत्यंत दाट. अमेरिकेत मॅमोग्राफी करविणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या सी किंवा डी या पायऱ्यांवर असतात, आणि दहांतील एक डी वर.

याने फरक किती पडतो? नेदरलँड्समधील राष्ट्रीय तपासणी योजनेच्या माहितीवर २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी दाट स्तन असलेल्या स्त्रियांत १०० पैकी सुमारे ८६ कर्करोग मॅमोग्राफीने पकडले होते. सर्वांत दाट गटात मात्र १०० पैकी सुमारे ६१ च. बाकीचे ३९ पुढची तपासणी येण्यापूर्वीच मधल्या काळात गाठीच्या रूपाने बाहेर आले. अशांना ‘मधल्या काळातील कर्करोग’ म्हणतात. त्यांपैकी काही इतक्या वेगाने वाढलेले असतात की तपासणीच्या दिवशी ते जवळपास नसतातच. पण काही त्या दिवशीही तेथे होते. पांढऱ्यामागे दडलेले होते. शिवाय दाट स्तनात कर्करोग होण्याचा संभवही थोडा अधिक असतो. म्हणजे जेथे पाहणे अवघड तेथेच पाहण्याची गरज जास्त.

दाटपणा हे एकच कारण नाही. कर्करोगाचा एक प्रकार असा आहे, की त्याच्या पेशी गोळा न होता एकामागे एक रांगेने पसरतात. त्यांची धड गाठच बनत नाही, म्हणून चित्रात ते फसवतात. कधी रोग काखेजवळ किंवा छातीच्या भिंतीला लागून असतो आणि चित्राच्या चौकटीत नीट येत नाही. आणि कधी खूण चित्रात असते, परंतु वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. म्हणूनच युरोपातील अनेक देशांत प्रत्येक चित्र दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचण्याची पद्धत आहे.

एका सुशिक्षित स्त्रीचा प्रश्न

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात नॅन्सी कॅपेलो नावाच्या बाई शिक्षणक्षेत्रात काम करीत. त्या दरवर्षी नेमाने मॅमोग्राफी करवीत आणि दरवर्षी रिपोर्ट नॉर्मल येई. २००४ मध्ये, असाच एक नॉर्मल रिपोर्ट येऊन काही आठवडेच झाले असताना, त्यांच्या डॉक्टरांच्या हाताला स्तनात उंचवटा लागला. पुन्हा मॅमोग्राफी केली, तीही नॉर्मल. मग सोनोग्राफी केली आणि गाठ दिसली. रोग तोवर काखेतील गाठींपर्यंत पोचला होता. आपले स्तन दाट आहेत आणि त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

मला हे का सांगितले गेले नाही, हा प्रश्न विचारून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी तो विधिमंडळापर्यंत नेला. २००९ मध्ये कनेक्टिकटने कायदा केला, की स्तन दाट असल्यास ते त्या स्त्रीला लेखी कळविलेच पाहिजे. अमेरिकेतील तो अशा स्वरूपाचा पहिला कायदा. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. कॅपेलोबाई २०१८ मध्ये वारल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून हा नियम अवघ्या अमेरिकेला लागू झाला आहे. ज्या स्त्रियांना आज तेथे असे पत्र मिळते, त्यांतील बहुतेकींना त्यांचे नावही ठाऊक नसेल. पण शिकलेल्या बाईने नेमका प्रश्न विचारला म्हणजे काय घडू शकते, याचे हे उदाहरण आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

दुसरी चाळण

पहिल्या चाळणीतून सुटलेले शोधण्यासाठी आज जी साधने आहेत, त्यांतील मुख्य अशी.

पहिले साधन सोनोग्राफी. यात क्ष-किरण नसतात; कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. सोनोग्राफीत ग्रंथी पांढरट दिसतात आणि गाठ बहुधा काळपट. म्हणजे रंगांची अदलाबदल होते आणि मॅमोग्राफीत लपलेली गाठ उठून दिसू शकते. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांवर याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग पकडले, तर सोनोग्राफीची जोड दिल्यावर ९१. मधल्या काळात बाहेर आलेले कर्करोग नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात ३५ होते, जोड दिलेल्या गटात १८. सोनोग्राफीचे यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावीही बहुधा असते, म्हणून आपल्या दृष्टीने या प्रयोगाला विशेष मोल आहे. मात्र हे काम करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून असते.

दुसरे साधन एम.आर.आय. यात मोठ्या चुंबकाचा उपयोग करतात आणि शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे औषध देतात. कर्करोग वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेतो. त्या कच्च्या, झिरपणाऱ्या असतात. औषध तेथे चटकन जमते आणि ती जागा चित्रात उजळते. आजूबाजूची ऊती कितीही दाट असली तरी ती उजळलेली जागा झाकू शकत नाही. नेदरलँड्समध्ये ज्यांचे स्तन अत्यंत दाट आणि मॅमोग्राफी नॉर्मल, अशा ५० ते ७५ वयाच्या ४०,३७३ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांतील ८,०६१ स्त्रियांना एम.आर.आय.साठी बोलाविले; ५९ टक्के आल्या. पहिल्याच फेरीत दर हजारी १६ ते १७ कर्करोग सापडले. लक्षात घ्या, या साऱ्यांच्या हातात नॉर्मल रिपोर्ट होता. पुढील दोन वर्षांत बोलाविलेल्यांच्या गटात मधल्या काळातील कर्करोग हजारी २.५ झाले, न बोलाविलेल्यांत ५. आणि ज्यांनी खरोखर एम.आर.आय. करविला त्यांच्यात हजारी एकाहूनही कमी. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरे साधन नव्या तऱ्हेची मॅमोग्राफी. एका प्रकारात यंत्राचा वरचा भाग कमानीसारखा फिरत निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतो आणि संगणक त्यांतून पातळ पातळ थर वेगळे करतो, म्हणजे एका थरामागे दुसरा दडत नाही. दुसऱ्या प्रकारात शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन मॅमोग्राफी करतात, तत्त्व एम.आर.आय.चेच, यंत्र मात्र स्वस्त. इंग्लंडमधील केंब्रिजच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये दाट स्तन आणि नॉर्मल मॅमोग्राफी असलेल्या ९ हजारांहून अधिक स्त्रियांवर या साधनांची तुलना झाली. निष्कर्ष २०२५ मध्ये आले. औषध देऊन केलेल्या मॅमोग्राफीत हजारी सुमारे १९, थोडक्या वेळाच्या एम.आर.आय.मध्ये सुमारे १७ आणि यंत्रचलित सोनोग्राफीत सुमारे ४ कर्करोग जास्तीचे सापडले.

चित्रे वाचण्याच्या कामी आता संगणकाचीही मदत घेतात. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या प्रयोगात, ज्याचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले, संगणकाच्या साहाय्याने वाचलेल्या चित्रांत २४४ कर्करोग सापडले आणि नेहमीच्या पद्धतीने दोन डॉक्टरांनी वाचलेल्यांत २०३. डॉक्टरांचे चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी हलके झाले, हा दुसरा लाभ.

मग सर्वांचीच दुसरी तपासणी का करू नये?

हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. चाळण जितकी बारीक, तितके चांगले धान्यही वर अडकते. नेदरलँड्सच्या त्या प्रयोगात एम.आर.आय. केलेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे ८० जणींना संशयावरून पुन्हा बोलाविले गेले आणि अखेर कर्करोग निघाला नाही. त्या ८० घरांत ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. शिवाय खर्च आहे, औषधाची क्वचित होणारी ॲलर्जी आहे, आणि आयुष्यात कधी त्रास दिला नसता असे काही रोगही अशा शोधात हाती लागतात. या प्रयोगांत जे मोजले गेले ते सापडलेले आणि मधल्या काळात बाहेर आलेले कर्करोग. मृत्यू किती टळले हा त्यापुढचा हिशेब आहे. म्हणून दुसरी चाळण जिला खरी गरज तिच्यासाठी आहे. जिचे स्तन अत्यंत दाट आहेत, जिच्या आईला किंवा बहिणीला हा रोग झाला आहे, जिच्या घराण्यात दोषयुक्त जनुक आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिच्या हाताला काही लागते आहे, तिच्यासाठी.

आपल्याकडे

आपल्या देशात सर्व स्त्रियांना बोलावून मॅमोग्राफी करण्याची राष्ट्रीय योजना नाही. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांचे स्तन आरोग्य कर्मचाऱ्यांनी हाताने तपासावेत अशी व्यवस्था आहे. हाताची तपासणी कमी प्रतीची समजू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर प्रयोग केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एका गटाची तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५० वर्षांवरील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तसा लाभ दिसला नाही.

म्हणजे आपल्याकडे बहुतेकींची पहिली चाळण हात हीच आहे आणि चित्रे त्यानंतर येतात. त्यातच आपल्याकडील रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लहान असतात. लहान वय म्हणजे बहुधा दाट स्तन. तेव्हा घात कोठे होतो ते पाहा. बाईच्या हाताला गाठ लागते. ती संकोच सोडून, खर्च करून मॅमोग्राफी करविते. रिपोर्ट नॉर्मल येतो. घरातील सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि गाठ तशीच राहते. म्हणून आजच्या भाषणातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : गाठ हाताला लागते आहे आणि मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तर तपास संपलेला नाही. सोनोग्राफी झाली पाहिजे, आणि तरीही शंका राहिली तर सुईने बारीक तुकडा काढून तपासला पाहिजे. सुई लावली की रोग पसरतो, हा समज खोटा आहे. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण साधी आहे हे तपासून ठरवायचे असते.

रिपोर्ट कसा वाचावा

मुलींनो, आता हे तुमच्यासाठी. रिपोर्टमध्ये दाटपणाचे अक्षर शोधा. सी किंवा डी असेल तर सोनोग्राफीची जरुरी आहे काय, असे डॉक्टरांना विचारा. मग ‘बायरॅड्स’ या शब्दापुढचा आकडा पाहा. १ म्हणजे काही आढळले नाही. २ म्हणजे आढळले ते निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, परंतु सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ आणि ५ म्हणजे तुकडा तपासलाच पाहिजे. ६ म्हणजे निदान आधीच झालेले आहे. आणि ० चा अर्थ नीट ध्यानात घ्या. शून्य म्हणजे धोका शून्य असा त्याचा अर्थ नाही. या चित्रावरून मत देता येत नाही, आणखी तपासणी करा, असा तो निरोप आहे. शून्य पाहून कोणी कागद कपाटात ठेवून देऊ नये.

जुनी चित्रे आणि रिपोर्ट जपून ठेवा. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी ताडून पाहिले म्हणजे नवा फरक चटकन कळतो. कागदावर लिहिलेल्या तक्रारीत ‘गाठ आहे’ हे शब्द आणि ती कोणत्या बाजूस आहे हे असले पाहिजे, म्हणजे चित्र वाचणारा तेथे मुद्दाम पाहील. संकोच वाटत असेल तर चित्र काढायला स्त्री कर्मचारी मिळेल काय, हे आधी विचारून घ्या. तसे विचारण्यात काही गैर नाही. परंतु संकोचापायी तपासणीच टाळणे, ही किंमत फार मोठी आहे. येथे बसलेल्या बांधवांनाही माझी विनंती आहे. घरची बाई आपली तक्रार अखेरपर्यंत बोलून दाखवीत नाही. पैशाचा आणि वेळेचा विचार तिच्या आधी तुम्ही करा.

या संस्थेने घराघरांत वाचणारी मुलगी तयार केली आहे. तिने पुस्तकाइतक्याच काळजीने आईचा रिपोर्ट वाचावा, आणि ‘नॉर्मल’ या शब्दापाशी न थांबता पुढचा प्रश्न विचारावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.